गुरुवारचं पाणी

१२ जानेवारी १९८४, गुरुवार

पशुखाद्य विकणाऱ्या कंपनीने आमच्या दूध संघात सगळ्यांना वाटलेली डायरी. मुखपृष्ठावर म्हैस. नलूने किराण्याच्या याद्या लिहायला मागितली, मी दिली नाही. मला ओरडायला एक जागा हवी आहे. घरात ओरडलं की ती दोन दिवस बोलत नाही.

आज नागपूरहून आलो. मागच्या गुरुवारी प्रयोगशाळेत दिलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा निकाल हातात पडला. पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते त्याचा आकडा अठ्ठावीस. तीसच्या खाली पाहिजे होता. अठ्ठावीस! दीड वर्षापूर्वी हाच आकडा बाराशे होता. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला मी तो कागद दाखवला. तो म्हणाला, पेशंट कोण आहे?

संघात कोणालाच याचं काही नाही. प्रदूषण मंडळाची नोटीस आली तेव्हा सगळे हसले होते. "दुधाचं पानी घान कसं असंन, साहेब?" कॅन, पाइप, भुकटीची यंत्रं धुतलेलं पांढरं पाणी वर्षानुवर्षं सरळ नाल्यात जात होतं. दूध पाण्यात गेलं की पाण्यातले जिवाणू ते खायला तुटून पडतात, खाता खाता सगळा प्राणवायू संपवतात, मासे गुदमरतात आणि मग ते पाणी सडतं. हे मी किती वेळा सांगितलं याची गणती नाही. शेवटी अध्यक्षांनी, अण्णाजींनी, ऐकलं. तीन टाक्या झाल्या. पहिलीत स्निग्ध थर अडतो, दुसरीत मोठा पंखा पाणी घुसळून हवा देतो, तिसरीत पाणी निवळतं. हिंगणघाटात असं दुसरीकडे कुठे नाही.

माझ्या टाक्या आहेत त्या. लिहून ठेवतो.

१७ जानेवारी, मंगळवार

आज मॅनेजर ओमप्रकाशजींच्या टेबलावर मी हात आपटला. काच तडकली. मला त्याचं काही वाटत नाही.

सकाळी गेलो तर पंख्याच्या टाकीचा तपकिरी रंग गेलेला, वर करडी साय, आणि वास असा की पुनाजीने तोंडाला फडकं बांधलं होतं. पुनाजी हा टाक्यांवरचा माणूस. गोंड, पन्नाशीचा, वडनेरच्या बाजूच्या कुठल्याशा छोट्या वस्तीवरून, टोलीवरून, पायी येतो. त्याला आकडे वाचता येत नाहीत, पण टाकी बरी आहे की बिघडली हे तो वासावरून सांगतो आणि, राग येतो, पण बरोबर सांगतो.

"काल सांजच्याले हिरवं पानी आलं, साहेब," तो म्हणाला. "आंबट."

चौकशी केली तर नवीन केसीन विभागाचं पाणी. यंदा दूध जास्त झालं म्हणून अण्णाजींनी मुंबईच्या एका कारखान्याची ऑर्डर घेतली आहे. आठवड्यातून दोन दिवस दूध आम्ल घालून फाडायचं, चोथा वाळवून पाठवायचा. उरतं ते फाटलेल्या दुधाचं पाणी. ते धुण्याच्या पाण्यापेक्षा तीस-चाळीस पट जास्त प्राणवायू खातं! आणि हे मला न सांगता माझ्या टाकीत सोडलं!

ओमप्रकाशजी खुर्चीवर मागे रेलून म्हणाले, "तो फिर ये पानी कहाँ जाएगा, मधुकरजी?"

"तो माझा प्रश्न नाही. तुमचा विभाग, तुमचं पाणी."

तिथेच कागद घेऊन लिहून दिलं: केसीन विभागाचे पाणी एक थेंबही शुद्धीकरणाच्या टाक्यांत येता कामा नये. अण्णाजींनी बोलावलं, चिठ्ठी वाचली, माझ्यासमोर सही केली. "तू म्हनशीन तसं, मधुकर. तुह्या टाक्या राह्यल्या पाह्यजे." या माणसापुढे मला रागावता येत नाही. सायकलवर गावोगाव फिरून त्यांनी एकेक दूध सोसायटी उभी केली.

माझं म्हणणं मान्य झालं. बरं वाटलं.

२९ जानेवारी

टाकी सावरते आहे. पुनाजीने चार दिवस शेणाचं पाणी कालवून घातलं, त्यातून नवे जिवाणू येतात. हे मीच सांगणार होतो, त्याने आधी केलं. मी त्याला म्हटलं, विचारल्याशिवाय काही करायचं नाही. तो मान हलवून उभा राहिला.

"साहेब, एक बोलाचं होतं."

"टाकीचं असेल तर बोल."

"टाकीचं नाई. पन्‌..."

"मग ऑफिसात जा."

सुट्टी नाही तर उचल हवी असणार.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

फाटकावर एक बाई आली होती. गोंडीण. डोक्यावर घागर. चौकीदार हाकलत होता, ती हलत नव्हती. मी गेलो ही चूक केली.

तिने घागर माझ्या नाकापुढे धरली. "घे वास. घे ना. साहेब हाय ना तू पान्याचा?"

सडका, आंबट वास. मी विचारलं कुठलं पाणी. नाल्यातल्या झिऱ्याचं, म्हणाली. यांच्या टोलीला विहीर नाही. नाल्याच्या वाळूत खड्डा करतात, त्यात पाझरून येईल ते भरतात. नाव रामबाई.

मी तिला तिसऱ्या टाकीपाशी नेलं, काचेच्या ग्लासात पाणी काढून दाखवलं. काचेसारखं. म्हटलं, हे बघ, आमच्याकडून हे जातं. मागच्या आठवड्याचा आकडा सव्वीस. नागपूरचा शिक्का आहे.

"तुह्या गिलासातलं पानी मी काऊन पाहू? मी झिऱ्यातलं पिऊन राह्यली."

"मग वरच्या बाजूला कोणी काही टाकत असेल. गुरं धूत असतील."

तिने घागर परत डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "तू कधी आला का नाल्यावर?"

मला संताप आला. जेव्हा बाराशेचं पाणी होतं तेव्हा कोणी घागर घेऊन आलं नाही. आता स्वच्छ केलं तर तक्रार! संघाची निवडणूक जवळ आली आहे. विरोधी गटाने पाठवली असणार हिला. पुनाजीला म्हटलं, ही तुमच्यातलीच दिसते, समजाव तिला तुमच्या भाषेत. तो पाठ करून घमेलं घासत होता. घासून झालेलं घमेलं परत घासत होता. वळून पाहिलं नाही त्याने.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

संघात कोणाला तरी माझी किंमत आहे म्हणायची. आजपासून गुरुवारी नागपूरला जायला जीप. ओमप्रकाशजींनी स्वतः सांगितलं, "बाटल्या बर्फात न्याव्या लागतात, एस.टी.त तुम्हाला किती तकलीफ. सकाळी सहाला निघा, आरामात या. शुक्रवारी बाराला आलात तरी चालेल." तडकलेली काचही त्यांनी बदलून घेतली, एक शब्द न बोलता. मी त्या माणसाबद्दल वाईट लिहिलं आहे. खोडत नाही, पण लिहून ठेवतो.

आकडा चोवीस.

२ मार्च, शुक्रवार

आज उशिरा गेलो. माझ्या टेबलावर मासे.

रामबाई येऊन गेली होती. फडक्यात बांधून आणलेले, मेलेले, पांढरे डोळे, मरळ आणि बारीकसारीक. फाइलींवर ओतून गेली. शिपाई म्हणे अडवता आलं नाही. नागपूरच्या निकालाचा मूळ कागद त्या घाणीत भिजला. मी इतका ओरडलो की लॅबमधल्या मुली बाहेर निघून गेल्या.

मासे प्राणवायू नसला की मरतात, हे मला कोणी शिकवायला नको. पण माझ्या पाण्यात प्राणवायू आहे! मी मोजला आहे! कुठेतरी वर कोणी पीक-फवारणीचं औषध धुतलं असेल. ते मी का पाहायचं?

नलूने जेवताना विचारलं, "तुम्ही एकदा नाल्यावर जाऊन का येत नाही?"

तेच. सगळ्यांना तेच. मी ताट सारून उठलो.

५ मार्च

पुनाजीने आठ दिवसांची सुट्टी मागितली. भाऊ वारला, जंगलू नावाचा. आठ दिवस पंखा कोण सांभाळणार? चार दिवस दिले. तो "बरं साहेब" म्हणून गेला. कशाने वारला ते विचारायचं राहिलं.

नलू अजून बोलत नाही.

१६ मार्च, शुक्रवार

अण्णाजींनी अमरावतीकडचे पाहुणे आणले होते, दुसऱ्या संघाचे. मी तिसऱ्या टाकीत सोडलेले मासे त्यांना दाखवले. पाहुणे वाकून वाकून बघत होते. अण्णाजी म्हणाले, "हा आमचा मधुकर. लय तापट हाय, पन्‌ काम पाहा." ऊर भरून आला.

फाटकाबाहेर ती बाई उभी होती. आज घागर नव्हती, काही नव्हतं. नुसती उभी. पाहुण्यांच्या गाड्या बाहेर पडेपर्यंत.

६ एप्रिल, शुक्रवार

 

कुंपणाच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याची जुनी नाली आहे. ती सरळ नाल्यात उतरते. तिच्या तोंडाला लोखंडी दरवाजा, त्याला साखळी आणि कुलूप. आज सहज तिकडे गेलो. या कडक उन्हात नालीचा तळ ओला. कडेला पांढरा, चिकट थर, वर माश्या. साखळी लोंबत होती.

म्हणजे कोणीतरी माझ्या टाक्यांना बगल देऊन घाण सोडत होतं. माझ्या नाकाखाली! किल्ल्या दोन. एक पुनाजीकडे, एक ऑफिसात. ऑफिसातली कोण कशाला घेईल?

पुनाजीला पंख्यापाशी गाठलं. विचारलं, दरवाजा तू उघडलास? त्याने खाली पाहिलं आणि म्हणाला, "हो, साहेब."

नुसतं हो! लाज नाही, काही नाही! पुढचं मी ऐकलं नाही. दूध घेऊन आलेले लोक, लॅबमधल्या मुली, ड्रायव्हर, सगळ्यांसमोर मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याच्या जातीवरून बोललो. एवढं लिहितो.

तो शांतपणे म्हणाला, "मी कव्हाचा सांगून राह्यलो, साहेब. तुमी आयकलंच नाई."

"काय सांगितलंस? कधी?"

त्याने किल्ली टाकीच्या कठड्यावर ठेवली, खुंटीवरचं डब्याचं फडकं घेतलं आणि गेला.

मी अहवाल लिहून दिला. दहा मिनिटांत ओमप्रकाशजींची सही, कामावरून कमी. या संघात एका फिनेलच्या डब्याला महिना लागतो.

१३ एप्रिल, शुक्रवार

टाक्यांवर नवा माणूस दिला आहे. त्याला पंख्याचा आवाज बदलला तरी कळत नाही.

नालीचा तळ आजही ओला. आजही पांढरा थर.

नलूला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली. "पुनाजी तर गेला ना?"

"हो."

"मग?"

मी तिच्यावरच खेकसलो. हेही लिहून ठेवतो, कारण दिवसभर तेवढंच डोक्यात आहे. मग?

१९ एप्रिल, गुरुवार

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिताच येणार नाही.

सकाळी सहाला निघालो. जांबच्या अलीकडे जीप तापली, पाण्याची नळी फुटली. ड्रायव्हर नळी आणायला गेला तो येईना. बर्फ वितळला. बर्फाशिवाय बाटल्या न्यायला अर्थ नाही, म्हणून मिळाला त्या ट्रकने परत आलो. संघात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील.

दरवाजा उघडा होता. नाली भरून वाहत होती. हिरवट, फेसाळ, फाटलेल्या दुधाचं पाणी. केसीन विभागाच्या मागच्या हौदातून जाड नळी टाकलेली, दोन माणसं ती धरून. ओमप्रकाशजी छत्री घेऊन सावलीला उभे. मला पाहून ते दचकलेसुद्धा नाहीत. वैतागले, एवढंच.

"आज जल्दी आ गए?"

मी काय ओरडलो आठवत नाही. त्यांनी ओरडू दिलं. मग खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. माझी चिठ्ठी. एक थेंबही येता कामा नये. खाली माझी सही, तिच्या खाली अण्णाजींची.

"मैंने तो आप ही से पूछा था, पानी कहाँ जाएगा. तुम्ही काय म्हणाले होते, याद है? मंगळवार-बुधवार केसीन, हौद भरतो. गुरुवारी तुम्ही बाहेर. तुमच्या टाक्या साफ, तुमचा आकडा साफ. तकलीफ किसको हुई?"

मला त्याला मारायचं होतं. पण मी पाण्याकडे पाहत होतो. ते खाली चाललं होतं. मी त्याच्याबरोबर चालायला लागलो.

दीड वर्षात पहिल्यांदा मी नाल्यात उतरलो. उन्हात वाळूवरून चालत होतो आणि पाणी माझ्या पुढे होतं. डोहात पोचलं की फेस पसरायचा. कडेच्या दगडांवर जुना थर, पिवळा, काळा, आठवड्या-आठवड्याचा. कोसभर खाली वळणावर पळसाखाली एक माणूस बसला होता. पुनाजी. त्याच्या मागे वाळूत झिरा, त्याभोवती वाळूचा हातभर बांध. वर काठावर रिकाम्या घागरी आणि बाया.

पुनाजी माझ्याकडे न बघता गोंडीत काहीतरी ओरडला. एक बाई खाली उतरली. रामबाई.

"आला का?" ती म्हणाली. मला वाटलं मला विचारते आहे. ती पाण्याबद्दल विचारत होती.

ती पुनाजीची बायको आहे. घागर घेऊन आली त्या दिवशी तो पाठ फिरवून घमेलं घासत होता, आणि मी त्याला म्हणालो होतो, समजाव तिला.

"दरवाजा मीच उघडत होतो, साहेब," पुनाजी म्हणाला. "मॅनेजर सांगत होते. नाई म्हनलं तर नोकरी जाते. म्हनून बुधवारी घरी सांगून ठेवत होतो, का आजच भरून घ्या. पन्‌ पान्याले वार कुठं कळते? ते रेतीत बसते. शुक्रवारी, शनवारी तेच झिरपते."

"दर शुक्रवारी मी तुह्या फाटकावर काऊन येत होती?" रामबाई म्हणाली. "नवरा बोलत नाई. नोकरी हाय त्याची. माही कोनती नोकरी जाते?"

मी विचारलं, जंगलू कशाने गेला.

 मग पुनाजीच म्हणाला, "हगवण. तीन दिवस. पान्यानंच गेला असं मी नाई म्हनत, साहेब. डाक्टरनं काई सांगतलं नाई. पन्‌ पेला तो हेच."

पाणी आलं. वाळूच्या बांधाला लागलं आणि वळसा घालून पुढे गेलं. बाया घागरी उचलून माघारी वळल्या. मला कोणी बस म्हटलं नाही.

२२ एप्रिल, रविवार

अण्णाजींच्या घरी गेलो. त्यांनी सुनेला चहा सांगितला. मी म्हटलं, चहा नको, केसीन बंद करा.

त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी लपवलंही नाही.

"चार हजार घरं हायेत दुधावर, मधुकर. यंदा दूध उतू चाललं. केसीन नसतं तर मी लोकायले म्हनलो असतो का, दूध नका आनू म्हनून? चार हजार घरं एकीकडे आनि वीस घराची टोली एकीकडे."

मी म्हटलं, दुसरी टाकी बांधू. तोवर ते पाणी टँकरने गावोगाव पाठवू, म्हशींना ताजं पाजता येतं, पडीक शेतात सोडता येतं. मी दोन दिवस बसून सगळं लिहून नेलं होतं. त्यांनी कागद चष्मा लावून नीट वाचले. नीट वाचले याचाच मला जास्त राग आला.

"पावसाळ्यानंतर पाहू. दिवाळीपावतर ऑर्डर हाय."

"आणि तोवर ते काय पितील?"

"तू तुह्या टाक्या पाह्य ना, बाबू. तुले कोनं काई म्हनलं का?"

हे ते मायेने म्हणाले. दारापर्यंत सोडायलाही आले. ओमप्रकाशजींवरचा राग सोपा होता. हा कुठे ठेवू ते मला कळत नाही. तीन महिने मी स्वतः हेच वाक्य जगत होतो.

२९ एप्रिल, रविवार

मंडळाकडे तक्रार लिहिली. स्वतःच्या नावाने. त्यात हेही लिहिलं की आजवरचे सगळे नमुने मी फक्त तिसऱ्या टाकीतून घेतले आणि नाल्याकडे पाहिलं नाही. नलूने वाचून एक वेलांटी सुधारली, आणि म्हणाली, "नोकरी जाईल." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग सिंदी मेघेला भाऊजींना पत्र टाकते, खोली लागेल." तीन महिन्यांत आम्ही इतकं सरळ बोललो नव्हतो.

साक्षीदार म्हणून पुनाजीचा अंगठा हवा होता. टोलीवर गेलो. पुनाजी तयार झाला. रामबाई नाही.

"मंग कागदावर काय? दरवाजा यानं उघडला, आनि तू पकडला?"

"नाही. मॅनेजरच्या हुकमाने उघडला. आणि तो हुकूम माझ्या चिठ्ठीवरून निघाला. तसं लिहिलं आहे."

"लिवलं ते नागपूरले जाईन. तू जे बोलला ते फाटकावर बोलला. सगळ्याईपुढं. तिथंच बोल."

मी म्हटलं, मी त्याची माफी मागतो, इथे, आत्ता.

"इथं कोन आयकते?"

३० एप्रिल, सोमवार

सकाळी दूध घेऊन गाड्या येतात त्या वेळी फाटकावर गेलो. पुनाजी आणि रामबाई रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मी दुधाच्या कॅनवर चढलो नाही, भाषण केलं नाही.  म्हटलं, दरवाजा पुनाजीने उघडला तो मॅनेजरच्या सांगण्यावरून. केसीनचं पाणी कुठे जातं हे मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. पुनाजी मला सांगायला आला होता, मी ऐकलं नाही. त्या दिवशी मी त्याला जातीवरून जे बोललो ते नीच बोललो.

 एक जण हसला. एका दूधवाल्याने विचारलं, "मंग केसीन बंद होते का? आमचं दूध कोन घेईन?"

पुनाजीने अंगठा दिला.

३ मे, गुरुवार

एस.टी.ने नागपूर. जीप नाही अर्थातच. चार बाटल्या: नालीची, डोहाची, झिऱ्याची, टाकीची. बर्फ संघातून मिळाला नाही, सरबताच्या गाडीवरून घेतला. मंडळातल्या तरुण अधिकाऱ्याने सांगितलं, तुमच्या बाटल्या पुरावा म्हणून धरता येत नाहीत, आम्हाला येऊन घ्यावं लागेल. मी आवाज चढवणार होतो. मग म्हटलं, बरं. पण गुरुवारी या.

१७ मे, गुरुवार

ते आले. न कळवता, दहाला. मी फाटकाबाहेर उभा होतो. आत यायला मला मनाई आहे, सोमवारपासून निलंबित. कारण: संघाची बदनामी.

उन्हाळ्यामुळे दूध नेहमीपेक्षा थोडं कमी आहे, हौद भरायला वेळ लागतो, मला वाटलं आज काही सापडणार नाही. पण ओमप्रकाशजींनी हौद भरेपर्यंत वाट पाहिली होती. नळी चालू होती.

२८ मे

केसीन विभाग बंद ठेवण्याचा हुकूम आला. संघाने आठवड्यातून एक दिवस दूध न घेण्याची सूचना लावली आहे. खाली लिहिलंय, प्रदूषणाच्या तक्रारीमुळे.

सकाळी क्वार्टरच्या दारावर कोणी दूध ओतून गेलं. चांगलं दूध. नलूने दोन बादल्या पाणी टाकून धुतलं आणि म्हणाली, "हे कुठे जाणार आता?" मला हसू आलं, आणि हसता हसता इतका राग आला की बाहेर येऊन उभा राहिलो. ज्यांनी ओतलं त्यांचाही मला पूर्ण राग येत नाही. त्यांच्या म्हशीचं दूध आहे. त्यांना कोणी दुसरी वाट दाखवलीच नाही. दुसरी टाकी, टँकर, पडीक शेतं, सगळं माझ्या कागदावर आहे आणि तो कागद अण्णाजींच्या कपाटात आहे.

६ जून

पुनाजीला परत कामावर घेतलं. टाक्या बंद पडता कामा नयेत असं मंडळाने बजावलं आहे आणि दुसऱ्या कोणाला त्या चालवता येत नाहीत. कुंपणाबाहेरून पाहिलं. पंखा फिरतो आहे. पुनाजीने मला पाहिलं, हात वर केला, आणि कामाला लागला. त्याला काही विचारावं, काही सांगावं असं फार वाटत होतं. मी घरी आलो.

१० जून, रविवार

सामान बांधून झालं. परवा सिंदी मेघे.

केसीन बंद झाल्यावर झिऱ्याचं पाणी पुन्हा नागपूरला दिलं होतं, त्याचा निकाल आला, तो घेऊन टोलीवर गेलो. अजून पाऊस नाही, डोह आटत आले आहेत. आज तरी रामबाईने खाट टाकली. बसलो.

"काय लिवलं?"

मी आकडा वाचून दाखवला. मे महिन्यातल्या बाटलीपेक्षा उतरला आहे, पण फार नाही. त्यात इतरही जंतू निघाले आहेत, ते मी सोपं करून सांगितलं.

"म्हंजे पेवाव का नाई?"

"नाही. उकळून प्या. वाळूत बसलेली घाण एक-दोन पूर येऊन गेले तर जाईल."

"तवरोक काय पेवाव? दर घागर उकळाले लाकडं कोन आनते?"

आजवर माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीचा आकडा असायचा. यावर नव्हता. वीस घरांची टोली, मतदारयादीत नाव आहे, विहीर नाही. हा राग मी आधी का केला नाही? तीन टाक्यांसाठी मी दीड वर्ष भांडलो. एका विहिरीसाठी किती लागेल?

वही काढली आणि अर्ज लिहिला. पंचायत समितीला. टोलीवर विहीर किंवा हातपंप. कडक लिहिला, त्यात दोन-तीन शब्द असे होते की नलू असती तर खोडायला लावले असते. वाचून दाखवला. बायांनी, म्हाताऱ्यांनी अंगठे दिले. शाई माझ्या पेनाची, सगळ्यांच्या बोटांना निळी.

म्हटलं, उद्या साडेदहाला कचेरी उघडते, मी जाऊन देतो. बी.डी.ओ.ला विचारतोच की इतकी वर्षं—

"तू एकटा जाऊ नको," रामबाई म्हणाली. "मी येतो संगं."

"कशाला?"

तिने अर्ज माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली आणि कमरेला खोचला.

"भांडाचं मी पाहतो. तू फकस्त लिव."